'ऑरेगॉन ट्रेल' : शंभर पौंड मांसाचा नियम

संगणकावरच्या शैक्षणिक खेळांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा पालकांच्या काळजीपोटी. खेळ ही काही माणसांनी मिळून रचलेली संहिता असते आणि ती कादंबरीसारखी तपासता येते, हे फारसे कुणी मनावर घेत नाही. मी प्रोग्रामर नाही. पण 'ऑरेगॉन ट्रेल'ची १९७८ साली एका अमेरिकी नियतकालिकात छापलेली बेसिक भाषेतली संहिता मी कोश जवळ ठेवून ओळीओळीने वहीत उतरवली आहे. एकत्र काम करणाऱ्यांत नेतृत्व नेमके कशाला म्हणायचे, हा प्रश्न मला तिथे भेटला.

१९७१ मध्ये मिनिआपोलिसच्या एका शाळेत डॉन रॅविच हा शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतकऱ्यांचा प्रवास नकाशा, पत्ते आणि फाशांवर खेळवायचा, असा त्याचा बेत होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याचे सोबती गणिताचे. हे संगणकावर करू, असे त्यांनी सुचवले आणि दोनेक आठवड्यांत करून दिले. पडदा नव्हता, कागदाच्या गुंडाळीवर छापणारे टेलिटाइप यंत्र होते. शिकार करायची तर 'बँग' हा शब्द चटकन आणि अचूक टंकायचा. मग वर्गातल्या मुलांनी आपणच कामे वाटून घेतली : ज्याची बोटे चपळ तो शिकारी, दुसऱ्याकडे नकाशा, तिसऱ्याकडे पैशांचा हिशेब.

ही हकिगत सांगणारे प्रोग्रामरांच्या झपाट्याचे कौतुक करतात. मला रॅविचचे वागणे जास्त महत्त्वाचे वाटते. त्याने आपला पट, आपले फासे सोडून दिले. इतिहासाचा प्रश्न मात्र सोडला नाही. पुढे १९७४ मध्ये तो मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणन संस्थेत, म्हणजे 'मेक'मध्ये गेला, जपून ठेवलेल्या छापील प्रतीवरून खेळ पुन्हा टंकला, आणि प्रवाशांच्या रोजनिशा वाचून आजारपण, वादळ, मोडलेले चाक यांच्या शक्यता नव्याने ठरवल्या. शिक्षकाचा हात दिसतो तो तिथे.

१९८५ ची अॅपल-टू आवृत्ती आर. फिलिप बुशार्ड यांच्या नेतृत्वाखाली झाली. आता चित्रे आली, नद्या आल्या, धावती जनावरे आली. शिकार इतकी रंजक झाली की सगळा खेळच तिने गिळला असता. पण एक नियम आहे : हवी तितकी जनावरे मारा, गाडीपर्यंत शंभर पौंडांहून जास्त मांस नेता येणार नाही. उरलेले माळावर कुजणार. कुठलाही उपदेश न करता उधळपट्टी दाखवणारी ही ओळ मला साऱ्या खेळातली सर्वांत चांगली ओळ वाटते. तसाच दुसरा नियम : बँकवाल्याला सोळाशे डॉलर, शेतकऱ्याला चारशेच, पण शेवटी शेतकऱ्याचे गुण तिप्पट. (आमच्या घरी तीन पिढ्या शेती, हे वाचून मी एकटाच हसलो.)

इथवर कौतुक. पण ज्यांच्या भूमीतून ही वाट जाते त्यांचे काय? १९७८ च्या संहितेत वाटेत भेटतात ते नुसते 'घोडेस्वार'. त्यांना जमात नाही, नाव नाही. शत्रू की मित्र, एवढेच खेळाडूने ओळखायचे. द्वेष टाळण्यापुरती ही काळजी घेतली असेल, पण त्यामुळे माणसेच पुसली गेली. रॅविचने रोजनिशा वाचल्या त्या गाडीत बसलेल्यांच्या. गाडी येताना पाहणाऱ्यांची बाजू त्यांत कुठून असणार? आणि ती मांडणारे कुणी चमूत नव्हते. बुशार्डच्या आवृत्तीलाही माझा हाच आक्षेप आहे. जनावरांच्या मांसाला मर्यादा घालण्याइतका विचार जिथे झाला, तिथे ही खुर्ची रिकामी राहिली.

२०२१ च्या आवृत्तीसाठी मूलनिवासी इतिहासाचे तीन प्राध्यापक सल्ल्याला घेतले. त्यांनी मोडक्या इंग्रजीतल्या संवादांना आणि जिथे तिथे दिसणाऱ्या धनुष्यबाणांना हरकत घेतली, आणि मूलनिवासी पात्रे खेळाडूला स्वतः निवडता येऊ लागली. पहिल्या वर्गानंतर पन्नास वर्षांनी. तरीही गाडी निघते ती मिसूरीतल्या इंडिपेंडन्सहूनच, आणि पश्चिमेकडेच.