ग्रिम बंधूंच्या अद्भुतकथेतील अरण्य : मोहिनी आणि वास्तव
(विशेष संदर्भ : ‘हान्सेल आणि ग्रेटेल’)

प्रस्तावना :
याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंनी संकलित केलेल्या जर्मन कथांचा पहिला खंड १८१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या कथांतील अरण्याची वाचकमनावरील मोहिनी आजही ओसरलेली नाही. मात्र या मोहिनीमुळेच त्यांची गणना ‘परीकथा’ म्हणून केवळ रम्य बालवाङ्मयात केली जाते. ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ या कथेचे दोन पाठ ताडून पाहिले असता हे मत अपुरे ठरते.

विवेचन :
कथेचा आरंभ जादूने नव्हे, तर उपासमारीने होतो. अरण्याच्या कडेला राहणाऱ्या लाकूडतोड्याच्या घरात अन्न नाही, म्हणून मुलांना रानात सोडून दिले जाते. पावाच्या भिंती आणि साखरेच्या खिडक्या असलेले घर ही म्हणूनच निव्वळ चमत्कृती नव्हे. ते भुकेल्या मुलांचे स्वप्न आहे.

१८१२ च्या पाठात मुलांना टाकून देण्याचा आग्रह धरणारी स्त्री त्यांची आईच आहे. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र आई होते. पहिल्या पाठात मुले भटकत त्या घराशी पोचतात आणि परतीची वाटही त्यांची तीच शोधतात. १८५७ च्या अंतिम पाठात मात्र एक शुभ्र पक्षी त्यांना तेथवर नेतो, तर परतताना पांढरे बदक पाण्यापलीकडे पोचविते. आईचे क्रौर्य सौम्य करताना निसर्गाला मायाळू केले गेले, असा निष्कर्ष यावरून सहज काढता येईल.

परंतु तो घाईचा ठरेल. शुभ्र पक्षी मुलांना नेतो तो चेटकिणीच्याच दारी. त्याआधी वाटेवर टाकलेले पावाचे तुकडे पाखरांनीच खाल्लेले असतात. बदक तारून नेते खरे. पण दोघांचा भार त्याला पेलणार नाही हे ओळखून ग्रेटेल एकेकट्याने जाण्याचे सुचविते. जादूच्या प्रदेशातही बदकाच्या पाठीला मर्यादा आहे आणि ती जाणणारी मुलगीच घरी पोचते. संपादनाने अरण्य अधिक सुंदर झाले. निर्धोक झाले नाही.

समारोप :
सारांश, या अरण्याची मोहिनी भीतीच्या अभावातून नव्हे, तर भीतीच्या सान्निध्यातून निर्माण होते. अध्यापनात केवळ साखरेच्या खिडक्याच दाखविल्या, तर त्यांच्याकडे पाहणारी भुकेली मुले दृष्टिआड होतात आणि त्यांच्याबरोबर कथेचा गाभाही हरवतो.