वॉल्डनचे मासे

‘वॉल्डन’ भारतीय वाचकाच्या हाती येतं ते बहुधा गांधींच्या ओळखीने. सविनय कायदेभंगावर निबंध लिहिणारा थोरो, भगवद्‌गीता वाचणारा थोरो, तळ्याकाठच्या खोपटात एकटा राहिलेला थोरो. मराठीत दुर्गा भागवतांनी या पुस्तकाचं भाषांतर केलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. नाव सुरेख आहे. पण ते पुस्तक आपण कसं वाचावं, हेही त्या नावाने थोडंफार ठरवून टाकलं: काठावर बसून, विचार करत. पाण्याकडे आपलं लक्ष जरा कमीच गेलं.

पाण्यात मासे आहेत. गेले काही महिने मी या पुस्तकातल्या चार-पाच प्रकरणांचं माझ्यापुरतं नव्याने भाषांतर करते आहे आणि रोज काम अडतं ते विचारांपाशी नव्हे, माशांपाशी. अडता अडता लक्षात आलं, की या पुस्तकातला ऋतू ओळखायची सर्वांत भरवशाची खूण मासेमारी हीच आहे, आणि लेखकाच्या मनातली एक न मिटलेली खोटही तिथेच दिसते.

थोरो वॉल्डनकाठी राहायला गेला ४ जुलै १८४५ रोजी आणि परतला ६ सप्टेंबर १८४७ रोजी. १८५४ साली पुस्तक आलं तेव्हा ही दोन वर्षं त्याने एका वर्षात दुमडली होती: उन्हाळ्यात सुरुवात, वसंतात शेवट. दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून महिन्यामहिन्याने पुढे सरकतं, तिथे ऋतू झाडांच्या अंगाने येतो. थोरोकडेही झाडं आहेत, पण मॅसॅच्युसेट्‌समधल्या त्या तळ्याचा ऋतू नीट कळतो तो गळ कसा टाकला जातो यावरून. उन्हाळ्यात रात्री, चांदण्यात, होडीतून. चाळीस फूट खोल पाण्यात अंबाडीची लांब दोरी सोडून तो बसतो, मन विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत भटकून येतं आणि तेवढ्यात बोटाला बारीकसा झटका बसतो. हिवाळ्यात तेच तळं गोठतं. मग आधी फूटभर हिम उपसायचं, त्याखालचा फूटभर बर्फ फोडायचा आणि भोकातून खाली पाहायचं.

इथे पहिली अडचण. वरचं भुसभुशीत आणि खालचं टणक यांना इंग्रजीत दोन साधे घरगुती शब्द आहेत, आपल्याकडे एकच ‘बर्फ’, आणि ‘हिम’ म्हटलं की लगेच कालिदासाचा वारा सुटतो. काश्मिरी भाषांतरकाराला ही अडचण येऊ नये. माशांची अडचण बंगाली भाषांतरकाराला येऊ नये, गोड्या पाण्यातल्या माशांची नावं त्याच्या जिभेवर असतात. मराठीला दोन्ही अडचणी आहेत. बांगडा, सुरमई, हलवा, बोंबील अशी समुद्राची श्रीमंती आमच्याकडे आहे, तळ्यापाशी आलो की शब्द आटतात.

तरी काही जमतं. ईलला ‘वाम’ तयारच आहे. ‘हॉर्न्ड पाउट’ नावाचा मिशाळ मासा आहे, त्याच्या इंग्रजी नावात शिंग आहे आणि आपल्या ‘शिंगाळ्या’तही. रात्री वर ओढला की तो चिरकतो असं थोरो सांगतो, शिंगाळाही आवाज करतो. जात एक नव्हे, पण चित्र बिघडत नाही. घात होतो तो ‘पिकरेल’पाशी. वॉल्डनचा खरा अभिमान हा मासा: लांबट, शिकारी, पाणवनस्पतीत दबा धरून बसणारा. मोह होतो ‘मरळ’ म्हणायचा. मरळही शिकारी, तीही दबा धरते. पहिल्या खर्ड्यात मी मरळच लिहिलं होतं. मग ध्यानात आलं, की मरळ हवेत श्वास घेते. तिला अधूनमधून पाण्यावर यावंच लागतं. फूटभर बर्फाखाली ती गुदमरून मरेल. म्हणजे उन्हाळ्याच्या प्रकरणात खपून गेलेला माझा शब्द हिवाळ्याच्या प्रकरणात मासा मारत होता. आणि नेमक्या त्याच प्रकरणात थोरो पिकरेलकडे पाहून थक्क होतो: हा रंग पाइनचा हिरवा नाही, दगडाचा करडा नाही, आभाळाचा निळा नाही, हे तर फुलांचे, रत्नांचे रंग, जणू तळ्याच्या पाण्याचाच स्फटिक होऊन जिवंत झालेला. तिथे मेलेली मरळ कशी ठेवणार? ‘पिकरेल’ तसाच ठेवला.

तळ्याची खोली हे या पुस्तकातलं बहुधा सर्वाधिक चर्चिलेलं प्रतीक. तळ्याला तळच नाही, अशी गावात समजूत होती. १८४६च्या सुरुवातीला बर्फ फुटण्याआधी थोरोने होकायंत्र, साखळी आणि दोरी घेऊन शंभरावर ठिकाणी मोजमाप केलं. सर्वांत जास्त खोली भरली १०२ फूट. प्रतीकाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दोरी कसली होती याकडे कोणी बघत नाही, आणि ती थोरोने स्वतः सांगितली आहे: कॉड मासा धरायची दोरी, टोकाला दीडेक पौंडाचा दगड. ज्या खोलीवर आपण निबंध लिहितो ती मासेमाराच्या सामानाने मोजलेली आहे.

थोरोचा विनोदही गळाला लागूनच येतो. मासा न लागता बराच वेळ बसून राहिलेल्या एका माणसाला तो ‘सीनोबाइट’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द मठात एकत्र राहणाऱ्या साधूंचा, पण इंग्रजी कानाला ऐकू येतं ते ‘एकही मासा चावलेला न पाहिलेला’. मराठीत मला सुचलं ते ‘मीन नाही म्हणून मौनी’. जरा संस्कृतकडे झुकतं, पण मूळ विनोदही ग्रीककडे झुकलेलाच होता.

इथवर सगळं सुखाचं. आता जॉन फील्ड.

‘बेकर फार्म’ या प्रकरणात पावसापासून आसरा घेत थोरो एका गळक्या झोपडीत शिरतो. तिथे हा आयरिश मजूर बायको आणि बऱ्याच मुलांसह राहतो आणि शेजारच्या शेतकऱ्यासाठी पाणथळ रान खणतो. थोरो त्याला पाहुणचाराच्या बदल्यात उपदेश करतो: चहा, कॉफी, लोणी, मांस सोड, म्हणजे त्यांच्यासाठी राबावं लागणार नाही. मग विचारतो, मासे धरतोस का? धरतो. आमिष काय लावतोस? गांडुळांनी लहान चंदेरी मासे धरतो, ते लावून पर्च धरतो. संध्याकाळी दोघं एका होडीत बसतात. थोरोची माळ भरत जाते, फील्डच्या वाट्याला एक-दोन. जागा बदलून पाहतात, नशीबही जागा बदलतं. आणि मग थोरो निकाल देतो: नव्या देशात जुन्या देशाच्या उसन्या रीतीने जगू पाहणारा बिचारा, लहान माशाने पर्च धरू बघतो.

हा निकाल वाचून मी पूर्वी हसले असेन. आता नाही हसू येत. उसनं, दुय्यम, दुसऱ्याच्या जिवावरचं: भाषांतर करणाऱ्यांना हा सूर ओळखीचा आहे. पण माझा आक्षेप त्या जवळिकीतून आलेला नाही, पुस्तकातूनच आलेला आहे. सहा प्रकरणं पुढे जा. हिवाळा आहे. सकाळी गावातले काही लोक डबा आणि दोऱ्या घेऊन गोठलेल्या तळ्यावर येतात. त्यांनी पुस्तकं वाचलेली नाहीत, पण निसर्गाभ्यासकाला जे माहीत नाही ते त्यांना माहीत आहे, असं थोरो मनापासून म्हणतो. त्यांतला एक जण दोरीचं टोक काठीला बांधतो, सैल दोरी अल्डरच्या फांदीवरून नेतो आणि तिला ओकचं वाळलेलं पान अडकवतो. पान खाली ओढलं गेलं की मासा लागला. धुक्यात तळ्याभोवती ठरावीक अंतरावर उभ्या असलेल्या त्या फांद्या हे साऱ्या पुस्तकातलं मला सर्वांत आवडणारं दृश्य आहे. आणखी एकाच्या बादलीत भर हिवाळ्यात जिवंत पर्च आहेत. पिकरेलसाठी आमिष म्हणून आणलेले. ते कुठून आणले? जमीन गोठल्यावर त्याने कुजक्या ओंडक्यांतून किडे काढले आणि त्यांनी पर्च धरले. थोरोला या माणसात जणू उन्हाळा कोंडून ठेवलेला दिसतो.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. फील्ड: किड्याने लहान मासा, लहान माशाने पर्च. हिवाळ्यातला माणूस: किड्याने पर्च, पर्चने पिकरेल. रीत एकच, तीच पायरी-पायरीची साखळी. एकाची ती गबाळी परंपरा ठरली, दुसऱ्याची निसर्गाच्या आतपर्यंत पोचलेली विद्या. फरक माशांत नाही. थोरोचे समर्थक म्हणतील की दोन प्रकरणांचा सूर वेगळा आहे, फील्डचा प्रसंग उपहासाचा आहे. मान्य. पण उपहास कोणावर पडतो आणि नवल कोणाचं वाटतं, हे ऋतूने ठरवलेलं नाही. त्याच हिवाळ्याच्या प्रकरणात तळ्यावर शंभर आयरिश मजूर येतात, १८४६-४७च्या हिवाळ्यात, बर्फ कापायला. थोरो त्यांना आनंदी जमात म्हणतो, त्यांची गंमत सांगतो. त्यांच्या कौशल्याचं नवल मात्र त्या पानाच्या तोलाने कुठे येत नाही.

हा बर्फ आपल्यासाठी अनोळखी नाही. न्यू इंग्लंडच्या तळ्यांचा बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला उतरला आणि पुढे मुंबई-मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचं बर्फघर विवेकानंदांच्या नावाने आजही उभं आहे. थोरो या तिन्ही शहरांची नावं घेतो आणि वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळल्याची कल्पना करतो. भारतीय वाचक या परिच्छेदावर भाळतो, मीही भाळले होते. पण जरा अलीकडेच त्याने हिशेब प्रामाणिकपणे दिला आहे: त्या हिवाळ्यातल्या सुमारे दहा हजार टनांच्या ढिगाचा थोडाच भाग नेला गेला, उरलेला उघड्यावर पडून सप्टेंबर १८४८पर्यंत वितळत राहिला आणि बहुतेक पाणी तळ्याला परत मिळालं. गंगेपेक्षा मला हा ढीग जास्त खरा वाटतो.

फील्डच्या लगेच पुढचं प्रकरण आहे ‘हायर लॉज’, शाकाहारी भारतीय वाचकाचं लाडकं. त्यात थोरो म्हणतो, अलीकडच्या वर्षांत मासे धरताना मी स्वतःच्या नजरेतून थोडा उतरतो. आपण एवढंच उचलतो. पण प्रकरण सुरू होतं तेच मुळी माशांची माळ हातात घेऊन घरी परतणाऱ्या माणसापासून. वाटेत एक वुडचक दिसतो आणि तो कच्चाच खावा अशी त्याला वासना होते. रानात राहावं लागलं तर पुन्हा शिकारी होईन, हेही तो कबूल करतो. या ओढाताणीला मराठीत एक शब्द फुकट मिळतो. गळाला लावतो ते आमिष, मोह पाडतं ते आमिष, आणि मांस खाणाऱ्याचा आहारही सामिषच. इंग्रजीला तीन वेगळे शब्द लागतात. या प्रकरणात मराठी मूळापेक्षा एक पाऊल पुढे आहे, असं म्हणण्याचा उद्धटपणा मी करते.

‘स्प्रिंग’मध्ये तळं कधी मोकळं झालं त्याच्या तारखा आहेत: १८४५ साली १ एप्रिल, १८४६ साली २५ मार्च, १८४७ साली ८ एप्रिल, आणि पुढे १८५४पर्यंत आणखी चार. रिचर्ड प्रिमॅक यांच्यासारखे शास्त्रज्ञ आज या नोंदी हवामानबदल मोजायला वापरतात, बर्फ आता सरासरी बराच लवकर फुटतो. ओकच्या पानाची ती कळ ज्याच्यावर उभी होती तो फूटभर बर्फ आता दर वर्षी गृहीत धरता येत नाही.

माझ्यासमोर मात्र अजून किडा आहे. मूळात फील्डच्या आणि हिवाळ्यातल्या माणसाच्या आमिषाचा पहिला दुवा एकाच शब्दाने येतो, फक्त फील्डच्या वेळी त्यामागे ‘फिश’ जोडलेला आहे. मराठी मला निवड करायला लावते. मातीतलं ते गांडूळ, ओंडक्यातली ती अळी. तसं लिहिलं की दोन माणसं पहिल्याच पायरीवर वेगळी होतात आणि थोरोचा पक्षपात झाकला जातो. फील्डच्या तोंडी गावंढळ बोली घातली तर आणखीच. सध्याच्या खर्ड्यात दोघांनाही मी ‘किडे’च दिले आहेत आणि फील्डला साधी प्रमाण मराठी. एका मासेमार मित्राने वाचून विचारलं, किडे म्हणजे कसले? गळाला काय लावलं ते नीट सांगायला नको?