गांजा, जनुके आणि किशोरवय : एका संशोधन-गृहीतकाची वऱ्हाडच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना :
गांजा ओढणाऱ्या तरुणास मनोविकृती जडली की घरोघरी दोनच कारणे सांगितली जातात. एक, 'गांजाने डोके फिरले'. दुसरे, 'घराण्यातच आहे'. विज्ञानाने या दोन कारणांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला, त्यास जनुक-पर्यावरण आंतरक्रिया असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या संशोधनाची चिकित्सा करून अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पालक, शिक्षक आणि आरोग्यसेवक यांना त्यातून काय घेता येईल, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

आनुवंशिकतेचा जुना मुद्दा :
हा प्रश्न नवा नाही. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगापुढे वऱ्हाडातील साक्षीदारांच्याही साक्षी झाल्या होत्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवहीत 'कारण' हा रकाना भरावाच लागे, म्हणून पुरेशी चौकशी न करता तेथे 'गांजा' असे लिहिले जाई, हे आयोगाने उघड केले. १८९२ मधील अशा २२२ प्रकरणांची छाननी केल्यावर ९८ प्रकरणेच टिकली. मात्र, मनाचा दुबळेपणा किंवा आनुवंशिक प्रवृत्ती असल्यास अतिसेवनाने वेड लागू शकते, हेही आयोगाने मान्य केले. 'आनुवंशिक प्रवृत्ती' म्हणजे नेमके काय, हे सांगण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते.

एका जनुकाचे आश्वासन :
ते साधन सापडले असे २००५ मध्ये वाटले. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू आहे. त्यातील ८०३ व्यक्तींच्या माहितीवरून अॅव्हशलोम कॅस्पी, टेरी मॉफिट आदींनी असा निष्कर्ष मांडला की, मेंदूतील डोपामिनच्या विघटनाशी संबंधित 'सीओएमटी' या जनुकाचे विशिष्ट रूप असणाऱ्यांनी किशोरवयात गांजा घेतल्यास मनोविकृतीची शक्यता सुमारे अकरा पट होते. मांडणी आकर्षक होती. परंतु हा आकडा ज्या गटावर आधारलेला होता तो फारच लहान होता. स्टॅन्ले झॅमिट आदींच्या २००७ व २०११ मधील अभ्यासांत या निष्कर्षास दुजोरा मिळाला नाही.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. स्किझोफ्रेनिया हा एका जनुकाचा आजार नाही. २०२२ मधील जागतिक अभ्यासात त्याच्याशी निगडित अशी २८७ जनुकीय स्थाने आढळली. त्यांपैकी प्रत्येकाचा वाटा अल्प आहे. शिवाय, या आजाराकडे जनुकीय कल असणाऱ्यांमध्ये गांजासेवनाचे प्रमाणही काहीसे अधिक असते, असे २०१४ मध्ये दिसून आले. म्हणजे कार्य आणि कारण यांची दिशा एकेरी नाही. २०२४ मध्ये अनेक जनुकांचा एकत्रित गुणांक व गांजाचे अतिसेवन यांचा सोबत विचार झाला, तेव्हा दोहोंचा परिणाम स्वतंत्रपणे होतो असे आढळले. आंतरक्रियेचा पुरावा मिळाला नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. 'ज्याच्या रक्तात आहे त्यालाच गांजा बाधतो' हा समज त्यामुळे डळमळतो. घराण्यात आजार नसणे हे अभयपत्र ठरत नाही. दुसरीकडे मात्रेचा पुरावा टिकून आहे. १९८७ मधील स्वीडिश सैनिकभरतीच्या अभ्यासात पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका सहा पट आढळला. २०१९ मधील युरोप व ब्राझील येथील अभ्यासात दहा टक्के वा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, मनोविकृतीची शक्यता जवळपास पाच पट होती.

वऱ्हाडच्या संदर्भात :
बहुजनुकीय गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असून इतर लोकसमूहांत त्यांची अचूकता घटते. त्यामुळे अकोल्यातील विद्यार्थ्याची जनुकीय चाचणी करून त्याचे भवितव्य सांगता येणार नाही. स्थानिक आकडेवारीचीही उणीव आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आनुवंशिकतेची चर्चा आपल्याकडे स्थळ पाहताना हमखास होते, आणि म्हणूनच कुटुंबे आजार लपवितात. वास्तविक आई किंवा वडिलांपैकी एकास स्किझोफ्रेनिया असल्यास अपत्यास तो होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. म्हणजे दहापैकी नऊ अपत्यांना तो होत नाही. मात्र अशा घरातील मुलास गांजापासून दूर राहण्याचे कारण स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि लपविलेला आजार हेच सांगणे अशक्य करतो. येथे कलंक हाच प्रतिबंधाच्या आड येतो.

अमरावती जिल्ह्यातील 'विश्राम' प्रकल्पाचा दाखला येथे उपयुक्त ठरतो. ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत झालेल्या या कामामुळे नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे यश नैराश्यापुरते होते. तरीही एकलकोंडेपणा, अकारण संशय, कानात आवाज येणे, झोप व अभ्यास यांची घसरण ही मनोविकृतीची आरंभीची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण अशाच पद्धतीने देता येईल.

समारोप :
एका जनुकाचा शोध फसला, हे या संशोधनाचे अपयश मानण्याचे कारण नाही. त्यातून उरलेले ज्ञान अधिक साधे व वापरण्याजोगे आहे : वय, मात्रा, तीव्रता आणि कुटुंबाचा इतिहास. यांपैकी कशासाठीही प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो घरात व वर्गात मोकळेपणाने बोलण्याचा धीर, आणि पहिल्या लक्षणालाच अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठण्याची तत्परता.