पाठभेदांचे विलीनीकरण : ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी आणि गिटमधील ‘मर्ज’चे पर्याय

प्रस्तावना

एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत भेद आढळल्यास कोणता पाठ स्वीकारावा, हा संपादनशास्त्रातील जुना प्रश्न आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही तोच प्रश्न उभा राहतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत स्वतंत्रपणे वाढलेल्या शाखा ‘मर्ज’ या आज्ञेने एकत्र आणल्या जातात. या आज्ञेला जोडावयाचे पर्याय केवळ तांत्रिक सोयी मानले जातात. प्रस्तुत लेखात त्यांचा संपादकीय निर्णय म्हणून विचार केला आहे.

पूर्वपाठाचा प्रश्न

गिट दोन शाखांबरोबरच त्या जेथून फुटल्या तो समान पूर्वपाठही पाहते. एखादी ओळ एकाच शाखेत बदलली असेल, तर तो बदल आपोआप स्वीकारला जातो. दोन्ही शाखांत तीच ओळ निरनिराळ्या प्रकारे बदलली असेल, तर संघर्ष नोंदवून निर्णय माणसावर सोपविला जातो.

संत एकनाथांना हा आधार नव्हता. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या पाठांतरे शिरलेल्या पोथ्या ताडून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ प्रत हाती असती, तर शुद्धीचे प्रयोजनच उरले नसते. पूर्वपाठाच्या अभावी पोथ्यांतील प्रत्येक भेद हा संघर्षच ठरतो.

पर्यायांची चिकित्सा

‘-एक्स अवर्स’ हा पर्याय केवळ संघर्षाच्या जागी आपल्या शाखेचा पाठ ठेवतो; दुसऱ्या शाखेतील निर्विवाद बदल स्वीकारले जातात. ‘-एस अवर्स’ मात्र दुसऱ्या शाखेचे सर्व बदल डावलतो आणि तरीही दोन्ही शाखा एकत्र आल्याची नोंद करतो. नामसादृश्यामुळे होणारी ही गफलत घातक आहे. ‘स्क्वॉश’मध्ये याच्या उलट घडते : मजकूर येतो, परंतु तो कोणत्या शाखेतून आला याचा दुवा इतिहासात राहत नाही. ‘नो-एफएफ’ हा पर्याय, शाखा सरळ पुढे नेणे शक्य असतानाही, विलीनीकरणाची स्वतंत्र नोंद करावयास लावतो.

एकनाथांची प्रत परिणामतः ‘स्क्वॉश’च्या जवळची आहे. पाठ स्थिर झाला, पारायणाची परंपरा सुरक्षित झाली. परंतु कोणती ओवी कोणत्या पोथीतून आली हे अभ्यासकाला कळत नाही. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एकनाथपूर्व म्हणून मांडलेल्या पोथीला महत्त्व आले. याउलट भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९–१९६६) त्याज्य पाठही तळटीपांत व परिशिष्टांत जपले आहेत. संपादकाशी मतभेद असलेल्या वाचकाला तेथे साधन मिळते.

तथापि ‘नो-एफएफ’ विलीनीकरण झाले एवढेच सांगतो. ते का झाले, हे संपादकाने नोंदसंदेशात लिहावे लागते. विवेकाचे काम पर्यायावर सोपविता येत नाही.

समारोप

हा प्रश्न वसईच्या अभ्यासकांनाही जवळचा आहे. ख्रिस्ती व हिंदू अशा दोन्ही समाजांत बोलल्या जाणाऱ्या सामवेदी अर्थात कादोडी बोलीचा शब्दसंग्रह उद्या निरनिराळ्या गावांतून संगणकावर संकलित झाला, तर एका गावचा उच्चार ‘आपला’ म्हणून सरसकट राखणे म्हणजे उरलेल्यांना अशुद्ध ठरविणे होय. प्रमाण पाठ निवडावा लागेलच. परंतु नाकारलेला पाठही पुढील अभ्यासकाच्या हाती राहील, असाच पर्याय संपादकाने स्वीकारला पाहिजे.