डर्वेंटवरील विमान

१६ मे २०१३ रोजीं इंग्लंडांतील डर्वेंट धरणावरून एक जुनें लँकेस्टर विमान फार कमी उंचीवरून गेलें. १९४३ च्या धरणफोडीच्या स्वारीला सत्तर वर्षें झालीं होतीं. तिचा सराव याच जलाशयावर झाला होता. अशा उड्डाणाच्या छायाचित्राची परीक्षा पंख्यावर होते. झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली, तर विमान रेखीव उमटतें खरें, पण पातीं थिजतात व तें दोऱ्यानें टांगलेलें खेळणें वाटतें. शंभराव्या भागाच्या आसपास उतरून विमानाबरोबर कॅमेरा फिरविणाराचीं पुष्कळशीं चित्रें धूसर होऊन फुकट जातात; साधलेल्या एकांत मात्र गति असते. ही जोखीम पत्करणाराला मी कलावंत म्हणेन.

तथापि, दोन मनोऱ्यांमधून झेपावणारें विमान एवढ्यावरच चौकट संपावी, हें मला खटकतें. जर्मनींत धरणें फुटून सुमारें १,३०० माणसें मेलीं, त्यांत सक्तीनें आणलेले परदेशी मजूर पुष्कळ. स्वारीवरील १३३ पैकीं ५३ विमानसैनिकही मारले गेले. विमान कोपऱ्यांत लहान आणि पाणी विस्तीर्ण, असें एखादें चित्र हातीं आलें तर तें मी लवकर खालीं ठेवीत नाहीं.