नलिका मिटताना

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं की ओटीच्या दारात नातेवाइकांना बाटली दाखवतात. आत काळे-तपकिरी खडे. मग मोजणी होते, मोबाइलवर फोटो निघतात, कुणीतरी ती बाटली घरीही नेतं. माझं मन मात्र खडे निघाल्यावर आत उरलेल्या फटीत अडकतं. जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची फट. ती मिटवायच्या चार-पाच रीती आहेत, आणि सर्जनची शैली मला तिथेच दिसते. खडा काढताना चिकाटी आणि थोडं नशीबही कामाला येतं. मिटवताना मात्र आपल्या हातून झालेल्या कामावर आपला किती भरवसा आहे, हे त्याला कबूल करावं लागतं.

आधी एक खुलासा. पित्ताशय काढून टाकणं हे तुलनेने सरळ काम. कार्ल लांगेनबुखने ते बर्लिनमध्ये 1882 साली पहिल्यांदा केलं. पण पित्ताशयात खडे असलेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते पंधरा जणांत एखादा खडा घसरून यकृताकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य नलिकेत येतो. आता पित्ताशयासारखी ही नलिका काढून टाकता येत नाही. ती उघडायची, साफ करायची आणि पुन्हा वाहती करायची. बाझेलच्या लुडविग कुर्व्हाझिएने 1890 मध्ये ते साधलं.

चीर कुठे द्यायची इथपासून मिटवण्याची तयारी सुरू होते. नलिकेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तिच्या दोन्ही कडांनी, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, वर-खाली धावतात. म्हणून चीर समोरून आणि उभी. चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक आधाराचा टाका घालून भिंत अलगद उचलून धरतात, म्हणजे पात्याचं टोक मागच्या भिंतीला लागत नाही. नलिकेची भिंत पातळ, तिच्यात स्नायू जवळजवळ नाहीत, आणि आतून वाहतं ते पित्त. पोटाच्या पोकळीत सांडलं तर तिथे आग लावणारं. पळसाच्या पानाचा द्रोण काडीने टाचणाऱ्या बाईला हे गणित पाठ असतं: काड्या फार जवळ आल्या तर पान फाटतं, लांब राहिल्या तर पातळ वरण गळतं. नलिकेच्या टाक्यांत अंतर दोन-तीन मिलिमीटरचं. धागा विरघळणारा हवा, कारण पूर्वी वापरलेल्या रेशमाच्या गाठीभोवती काही वर्षांनी नवा खडा धरलेला सापडत असे. आणि नलिका मुळात अरुंद असेल, सात-आठ मिलिमीटरहून कमी, तर शहाणा सर्जन तिला चीरच देत नाही. शिवताना ती आणखी आवळली जाते.

आता या कलेतला सगळ्यांत देखणा तुकडा: टी-ट्यूब. हाल्बरश्टाटचे हान्स केर यांचं नाव तिला चिकटलेलं आहे. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी. तिचे दोन आखूड हात नलिकेत वर-खाली बसतात आणि लांब दांडा पोटाच्या भिंतीतून बाहेर येऊन पिशवीला जोडला जातो. बसवण्याआधी सर्जन आडव्या हाताची मागची बाजू कापून टाकतो किंवा तिला व्ही आकाराची खाच पाडतो. का, तर दोन-तीन आठवड्यांनी दांडा ओढल्यावर दोन्ही हात मिटून एकमेकांना चिकटावेत आणि टाके न उसवता नळी निघून यावी. म्हणजे बसवतानाच काढण्याचा विचार झालेला असतो. रबरही मुद्दाम निवडलेलं. शरीराला ते रुचत नाही, म्हणून शरीर त्याच्याभोवती घट्ट तंतूंचं आवरण विणतं. नळी निघाली की त्या आवरणाची वाट पित्त बाहेर आणते, पोटात सांडू देत नाही, आणि काही दिवसांत आपोआप बुजते. गुळगुळीत सिलिकॉन शरीराला सोसवतं, म्हणून इथे ते कमी पडतं.

या नळीत सर्जनची शंका उघडपणे मांडलेली आहे, म्हणून मला ती आवडते. आठ-दहा दिवसांनी तिच्यातून रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढायचा. खडा राहिला असेल तर दिसतो. जोआकिम बर्हेन यांनी 1970च्या दशकात त्याच वाटेने, पोट पुन्हा न उघडता, राहिलेले खडे काढून दाखवले. वाट पक्की व्हायला तेवढे पाच-सहा आठवडे थांबावं लागे. याउलट, नळी न ठेवता नलिका सरळ शिवून टाकण्याचा पुरस्कार करणाऱ्यांत सर्जन विल्यम हाल्स्टेड होते. 1882 मध्ये स्वतःच्या आईचं पित्ताशय रात्री घरातच उघडून त्यांनी खडे काढले होते. चाळीस वर्षांनी, 1922 मध्ये, आपल्याच नलिकेत राहिलेल्या खड्यासाठी झालेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले.

हे सगळं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नेलं की चित्र बदलतं. इथल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल आहे. निरोगी तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतल्या रंगद्रव्याचे काळे, ठिसूळ खडे होतात, तेही कोवळ्या वयात. शाळकरी पोरांच्या पित्ताशयात खडे सापडतात. डोळे कायमच पिवळसर असल्याने नलिका तुंबल्याची कावीळ घरच्यांना वेगळी वाटत नाही. लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगाला खाज ही खूण कुणी विचारली तरच सांगितली जाते. तोवर एखादा उताराही घेऊन झालेला असतो.

अशा रुग्णाला टी-ट्यूब घातली तर तिच्यातून दिवसाला तीनशे-चारशे मिलिलिटर पित्त बाहेर जातं आणि त्याबरोबर मीठ-पाणीही. धडधाकट माणूस ते सोसतो. सिकलसेलच्या रुग्णाला पाण्याची तूट म्हणजे दुखण्याच्या झटक्याला बोलावणं. पिशवीतलं माप रोज लिहून तेवढं द्रव परत देणारं कुणी असेल, तरच ही नळी सुरक्षित.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पुढे नागपूर जवळजवळ तितकंच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पोटातून नळी बाहेर आलेल्या माणसाला जुलैत घरी धाडायचं आणि तीन आठवड्यांनी या म्हणायचं, हे कागदावर सोपं. नाहीतर त्याला वॉर्डातच ठेवायचं, म्हणजे रोवणीचे दिवस गेले, सोबत राहिलेल्या बायकोची मजुरीही गेली. धानोरा तालुक्यात शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात बाहेरचे सर्जन येऊन शिबिरं घेतात. सर्जन काही दिवसांनी आपल्या गावी परतणार असेल, तर नळीचा पुढचा पंधरवडा कोण सांभाळणार हे चीर देण्याआधी ठरलेलं हवं. माझ्या मते शिबिरात पित्ताशय जरूर काढावं, नलिका मात्र सहसा उघडू नये.

म्हणून सरळ शिवण्याची, नळी न ठेवता मिटवण्याची रीत इथे अधिक शोभते. 2013 साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांनीही तोच कौल दिला: टी-ट्यूबने शस्त्रक्रियेचा वेळ आणि मुक्काम वाढतो, बदल्यात फायदा झाल्याचा पुरावा मिळत नाही. पण हे फक्त नलिका खरोखर साफ झाली असेल तेव्हाच. आत दुर्बीण घालून वर-खाली पाहिलेलं असावं, सलाइन आतड्याकडे विनाअडथळा गेलेलं असावं. तेहमतन उदवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, त्यानंतर हे सारं छोट्या छिद्रांतून करण्याची वाट खुली झाली. मात्र लांब दांड्याच्या चिमट्यांनी इतक्या नाजूक भिंतीला टाके घालणं हे मोजक्याच हातांचं काम. मोठ्या शहरांत हल्ली बहुतेक वेळा नलिका चिरतच नाहीत. तोंडावाटे दुर्बीण उतरवून खडा आतड्यात ओढतात. चीर उरली ती मोठ्या, अडकलेल्या खड्यांसाठी आणि ही सोय जिथे जवळ नाही तिथल्या लोकांसाठी.

शिवणीच्या आत प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवून मिटवण्याची रीत मला या भागासाठी पटत नाही. तो काढायला पुन्हा दुर्बीण, पुन्हा नागपूर. आणि दुखत नाही म्हणून विसरलेला स्टेंट काही महिन्यांत तुंबतो.

उरते ती सर्वांत धीट रीत: फट मिटवायचीच नाही, नलिका थेट ड्युओडिनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, जोडायची. नलिका दीड सेंटिमीटरहून रुंद हवी, जोड अडीच सेंटिमीटरच्या आसपास ऐसपैस हवा. मग पुन्हा खडा झाला तरी वाहून जातो. शिवणीखालच्या टोकात अन्नाचा गाळ साचून ताप येण्याचा धोका काहींना राहतो. तरीही पेशी आयुष्यभर फुटत राहणार असलेल्या, खड्यांनी नलिका फुगलेल्या सिकलसेलच्या रुग्णात ही रीत मी पहिल्यांदा विचारात घेईन. आणि कोणतीही रीत वापरली तरी डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन ओळी हव्यात, माडिया बोलणाऱ्याला त्या आशाताईंनी तोंडी सांगाव्यात: थंडी वाजून ताप, लघवी गडद, पोटात दुखणं. यातलं एक जरी झालं तरी पुराची वाट न बघता निघायचं.