जवारीची मोटार

मोटारीच्या आवाजाचं परीक्षण लिहायला बसलो आहे, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला मोटार चालवता येत नाही. पण जन्मात पेटीला हात न लावलेल्या मंडळींनी आपल्याकडे पन्नास पन्नास वर्षं गाण्यावर लिहिलेलं आहे, तेव्हा तो काही अपात्रतेचा मुद्दा होऊ नये. कान मात्र मला आहेत, आणि न्यू जर्सीला भाच्याकडे दोन महिने काढल्यामुळे ते चांगले तयारही झाले आहेत.

भाच्याची गाडी सुबारू. सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका. नाव तरी पंचांगातलं आहे, एवढंच समाधान. मॉडेल डब्ल्यूआरएक्स. चार दारं, मागे डिकी, एखाद्या हेडमास्तरांनी घ्यावी अशी सेडान. पण बॉनेटवर एक भली मोठी नाकपुडी आहे आणि आत टर्बो आहे. टर्बो म्हणजे काय, हे भाच्याने मला तीनदा समजावलं. इंजिनातून निघालेला धूर एरवी फुकट जातो. त्या धुरावर एक लहानसं चाक गरगरा फिरवायचं, मिनिटाला लाखावर फेरे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. दोडक्याच्या शिरांचीसुद्धा चटणी करणाऱ्या आमच्या आजीला ही कल्पना एका फटक्यात कळली असती.

मात्र धुरातला जोर खाताना टर्बो आवाजही खातो. तो मुळातच अर्धा सायलेन्सर. गाडी जोरात पळते, पण तोंडातल्या तोंडात. तरुण मंडळींचं दुःख इथून सुरू होतं, आणि मग स्टेज येतात. सर्वसाधारणपणे स्टेज वन म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नवे हिशेब पढवायचे. स्टेज टू म्हणजे टर्बोच्या लगतची नळी, म्हणजे डाउनपाइप, बदलायची आणि हिशेब पुन्हा मांडायचे. स्टेज थ्री म्हणजे टर्बोच मोठा बसवायचा. ही भाषा मी आजवर फक्त दवाखान्यात ऐकली होती, आणि तिथे स्टेज वाढल्याचे पेढे कुणी वाटल्याचं स्मरत नाही.

आता परीक्षण. भाच्याने पहिल्यांदा बसवला तो अगदी मागचा एक्झॉस्ट. हे वाद्य मला मुळीच आवडलं नाही. सकाळी सहाला किल्ली दिली की गल्लीतली कुत्री आधी उठतात, मालक मागून. हायवेवर एका ठरावीक वेगाला आत असा काही घुमारा धरतो की पुढच्या सीटवरून भाचेसून काहीतरी सांगत होती, ते बाळाच्या दुधाविषयी होतं की माझ्या स्वेटरविषयी, हे गाडी थांबेपर्यंत कळलं नाही.

"जोर किती वाढला रे?" मी विचारलं.

"मामा, तू फील बघ ना!"

तान विचारली की भाव सांगणारे गवई मी पुष्कळ पाहिले आहेत. खरी गोष्ट अशी, की धुराची वाट मुख्यतः टर्बो आणि डाउनपाइपपाशी अडते. शेवटचा डबा बदलून वाढतो तो बहुतेक आवाजच.

दुसरा प्रकार फिस्स करणाऱ्या व्हॉल्व्हचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की टर्बोने कोंबलेली हवा अडते. कंपनी ती गुपचूप परत आत वळवते. हे लोक ती बाहेर सोडतात, का, तर फिस्स व्हावं म्हणून. पण या गाडीत ती हवा आत शिरतानाच मोजलेली असते, आणि कॉम्प्युटर तेवढ्या हवेचं पेट्रोल ओततो. पंचवीस पानांचा स्वयंपाक तयार ठेवावा आणि वऱ्हाड वेशीवरून परत जावं, तसं होतं. इंजिनाला क्षणभर अजीर्ण. एवढं करून मिळतं काय, तर प्रेशर कुकरची अर्धी शिट्टी.

पण ज्या आवाजासाठी ही गाडी ओळखली जाते, तो निराळा. हिच्या इंजिनातले चार सिलिंडर उभे नसतात, दोन या कुशीवर, दोन त्या कुशीवर, असे आडवे असतात. दोन्हीकडचा धूर एका टर्बोपाशी आणायचा, तर जुन्या गाड्यांत त्या नळ्या लहानमोठ्या असायच्या. त्यामुळे धुराचे ठोके बिनताल पोचायचे आणि गाडी लंगड्या घोड्याच्या टांग्यासारखी गडगडत चालायची. 2015च्या मॉडेलला अमेरिकेत नवं इंजिन आलं, 268 हॉर्सपॉवरचं. टर्बो खाली गेला, नळ्या समान झाल्या, ठोके शिस्तीत पडू लागले. इंजिनियरांनी दोष काढला. आणि भक्तांनी काय करावं? बाजारातून रोख पैसे मोजून लहानमोठ्या नळ्या आणल्या आणि दोष परत बसवला! थोडा जोर गेला तरी चालेल म्हणाले. आमचा भाचा त्यांतलाच.

झोडपायची तयारी करूनच मी त्या गाडीत बसलो होतो. पण तो आवाज ऐकला आणि मला मिरजेचा तंबोरा आठवला. तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा काढा, तार तीच, स्वर तोच, पण तंबोरा मुका. या गडगडाटात तसलं काहीतरी आहे. पोटातून येतो, मागच्या डब्यातून नाही. पसंत! त्या मानाने 2011 साली आलेल्या टर्बोवाल्या बीएमडब्ल्यू एम5मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायचे, म्हणजे प्लेबॅकच की. नटाने नुसते ओठ हलवायचे.

राहता राहिला डाउनपाइप. जोर खरा वाढतो तो यात, आणि धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टरही बसतो तो यातच. तो काढून टाकणं अमेरिकन कायद्याला मान्य नाही, म्हणून भाच्याने कन्व्हर्टरवालाच आणला आहे. इथवर ठीक. पण त्याचा बेत असा, की नळी आत्ता बसवू, कॉम्प्युटरचे हिशेब पुढच्या महिन्यात, पगार झाल्यावर. इथे मी परीक्षक म्हणून नाही, मामा म्हणून आडवा आलो. वाट मोकळी झाली की टर्बो जास्त हवा कोंबतो, आणि जुन्या हिशेबावर चालणाऱ्या इंजिनात मग पिस्टनच फुटायची वेळ येते.

"मामा, तुला गाडी चालवता तरी येते का?" भाचा म्हणाला.

"भीमसेन जोशी ऐकायला गावं लागत नाही," मी म्हटलं.

डाउनपाइप अजून खोक्यात आहे. भाचेसुनेने त्या खोक्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे, आणि रोज सकाळी ती तिथे पाणी घालते.